बिलावरचा एक नंबर आणि ऐन सराईतले एकोणीस दिवस

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. कॅमेरा घेतलात की दुकानाची पायरी उतरायच्या आत बॉडीच्या, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याच्या, तळाचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर बोट ठेवून ताडून बघा. खोक्यावरचा नाही, बॉडीवरचा. मी बघितला नव्हता.

कराडला लग्नाचे आणि घरगुती फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची सराई सुरू. त्या दिवशी गोरज मुहूर्त होता आणि मी हावरटपणे एकाच दिवशी दोन ऑर्डरी घेतल्या होत्या. दुसरी बॉडी घेऊन भाचा उंब्रजला. इकडे मामा नवरीला घेऊन स्टेजकडे निघाले आणि माझ्या स्क्रीनवर एरर. बंद-चालू केला, बॅटरी काढून घातली, तेच. शटर गेलं होतं.

शटरचा पडदा उघडा अडकला होता, म्हणून निभावलं. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असल्याने मेनूत जाऊन इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, त्यात पडदा हलावाच लागत नाही. पण त्यावर माझ्या बॉडीत फ्लॅश पेटत नाही, आणि डेकोरेशनवाल्याच्या जांभळ्या एलईडीमुळे फोटोवर आडवे काळे पट्टे. शटरचा वेग १/१०० सेकंदावर आणला. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यामुळे कार्यालयाच्या ट्यूबांचे पट्टे गेले. डिमरवरचे एलईडी मात्र ऐकेनात. शेवटी डेकोरेशनवाल्याला म्हटलं, "दादा, अंतरपाट पडेपर्यंत एवढे जांभळे बंद कर, पाया पडतो." त्याने केले. व्हिडिओवाल्याचा लाइट, लेन्स पूर्ण उघडी (एफ १.८) आणि सेन्सरची संवेदनशीलता, आयएसओ, ६४०० पर्यंत चढवलेली. १/१०० ला अक्षतांच्या रेघा आल्या, नवरीच्या घरच्यांना त्याच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याला सर्व्हिस सेंटर. कॅमेरा चौदा महिन्यांचा, वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून मी निर्धास्त. काउंटरवरच्या मुलीने जॉबशीटवर पहिलंच लिहिलं, "बॉडीवर पिवळे डाग." आदल्या सकाळच्या हळदीचे होते. मी म्हटलं, शटर हळदीने जात नाही. ती म्हणाली, "सर, आम्हाला दिसेल ते लिहावं लागतं." मग तिने बिल मागितलं, कॅमेरा उलटा केला आणि म्हणाली, "हा नंबर वेगळा आहे."

दुकानदाराने बिलावर किट लेन्सचा, म्हणजे बॉडीसोबत मिळालेल्या लेन्सचा, सीरियल नंबर घातला होता.

आता हे चक्र बघा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, दुरुस्त बिल आणा, नाहीतर एस्टिमेट १८,४०० अधिक जीएसटी. दुकान कोल्हापूरला. तिथे फोन केला तर, "बिल कधीचं? जीएसटी भरून झाला, आता सिस्टीम उघडत नाही. लेटरहेडवर लिहून देतो." सत्तर किलोमीटर जाऊन सही-शिक्क्याचं पत्र आणलं. ते मेल केलं तर उत्तर, "पत्र चालत नाही, बिलच लागेल." परत दुकान. "नवीन बिल काढलं तर तारीख आजची पडेल." सर्व्हिस सेंटर म्हणे, "आजची तारीख कशी चालेल? कॅमेरा तर आमच्याकडे आठवड्यापूर्वी जमा झालाय." म्हणजे कॅमेरा विकत घ्यायच्या आधीच बिघडला! हे मी काउंटरवर मोठ्याने म्हणालो. कोणी हसलं नाही.

दर दोन दिवसांनी फोन करायचो. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी जॉबशीटचा नंबर पहिल्यापासून. एकाने तर मला विचारलं, "सर, तुमच्याकडे लेन्सचंही बिल आहे का?" अहो, तेच तर आहे माझ्याकडे! चिडून काही होत नाही हे मला कळत होतं, तरी चिडलो. बायको म्हणाली, भरून टाका पैसे. रक्कम तशी मोठी, पण त्याहून मला राग होता तो माझ्या चुकीचा नसलेला दंड भरायचा.

या एकोणीस दिवसांत चार कामं भाड्याच्या बॉडीवर केली, दिवसाला दीड हजार आणि वर डिपॉझिट. माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, तोच, म्हणून माझ्या लेन्स चालल्या, पण बटणं उलटी. एक काम प्रीतिसंगमावर चौदा माणसांच्या कुटुंबाचं होतं. मावळतं ऊन त्यांच्या पाठीमागे घेतलं आणि समोरून फोटोग्राफीच्या छत्रीतला फ्लॅश, प्रकाश मऊ पडावा म्हणून. नदीकाठचा वारा छत्री शिडासारखी ओढतो, म्हणून स्टँडला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा. आजींच्या चष्म्यात छत्रीच दिसत होती. लाइट डोक्याच्या वर चढवून थोडा बाजूला नेला तेव्हा गेली. दोन रांगा असल्या तर लेन्सचं तोंड एफ ८ पेक्षा जास्त उघडू नका (म्हणजे आकडा ८ च्या खाली नको), मागच्या काकांचं नाक धूसर येतं आणि फोटो मोठा करायला हटकून तेच सांगतात.

सुटका झाली ती दुकानातल्या जुन्या हिशेबनीसामुळे. मालक आमच्या फोनला कंटाळले होते, त्यांनी यांच्या गळ्यात मला बांधलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या बिलाचं सोडा. आम्ही माल ज्याच्याकडून घेतला त्याच्या बिलावर सगळे नंबर असतात." डिस्ट्रिब्युटरचं खरेदीचं बिल त्यांनी फायलीतून काढलं. त्यावर माझ्या बॉडीचा नंबर, माझ्या बिलाच्या नऊ दिवस आधीच्या तारखेचा. ते स्कॅन, माझं बिल, लेटरहेडचं पत्र, बॉडीच्या तळाचा फोटो, सगळं एकाच मेलमध्ये दुकानाच्या आयडीवरून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज, वॉरंटी मंजूर. तीन दिवसांत शटर बदलून तयार. मला आनंद व्हायच्या ऐवजी आधी संताप आला, कारण हे काउंटरवर पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगू शकलं असतं.

तुमचं असं अडकलं तर दुकानदाराकडे नवीन बिल मागत बसू नका, थेट त्याचं खरेदीचं बिल मागा. आणि मालकाला नाही, हिशेब बघणाऱ्याला.

काही गोष्टी आता आठवतात तशा. फ्लॅश छतावर उसळवणं पांढऱ्या स्लॅबखाली ठीक, मांडवाच्या लाल कापडाखाली सगळ्यांचे चेहरे लाल होतात. तिथे दोन फ्लॅश स्टँडवर, स्टेजच्या दोन कोपऱ्यांत. पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा, नाहीतर चेहरे एका रंगाचे आणि मागचा मांडव दुसऱ्या. हळदीला जुनी बॉडी न्या, आणि जी न्याल ती सर्व्हिसला द्यायच्या आधी ओल्या फडक्याने पुसा. एका मुहूर्ताला एकच ऑर्डर, हे मी स्वतःला सांगतोय.

आणि हो, जमा करताना बॅटरी, कार्ड आणि पट्टा काढून घ्या. माझा चामड्याचा पट्टा जॉबशीटवर लिहिलेला नव्हता. तो अजून त्यांच्याकडेच आहे.