दिसायला एक, टेबलात तीन

आमसभेला नऊ दिवस उरले होते आणि मतदारयादी छपाईला जायची होती. इंदूरच्या ज्या मराठी पतसंस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो, तिथे रामबागेकडचे एक वयस्कर सभासद सकाळीच काउंटरवर आले. संस्थेत भागांच्या दहापट कर्ज मिळतं. त्यांचे भाग वीस हजारांचे, म्हणजे मर्यादा दोन लाख हवी. स्क्रीन ऐंशी हजार दाखवत होती. काउंटरवरच्या मुलाने नाव टाकून शोधलं तर नोंद एकच. पत्ता टाकून शोधलं तर तीन, तीन वेगळे सभासद क्रमांक आणि त्यांवर आठ, सात आणि पाच हजारांचे भाग. तिन्ही ठिकाणी जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव तेच आणि आडनावही डोळ्यांना तेच.

आडनाव इथे बदलून लिहितो: बऱ्हाणपूरकर.

सभासद टेबलावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख या चौघांवर मिळून युनिक बंधन होतं, म्हणजे चारही तेच असलेली दुसरी ओळ घ्यायची नाही अशी अट. ते असताना दुसरी नोंद शिरायलाच नको होती. पहिला संशय रिकाम्या जन्मतारखेचा, कारण नल (रिकामा रकाना) आणि नल हे युनिक बंधनाच्या लेखी सारखे नसतात. चारपैकी एक रकाना नल असला की तीच ओळ हवी तितक्या वेळा घाला, टेबल हूं की चूं करत नाही. पण इथे तारखा भरलेल्या होत्या.

मग आडनावाची लांबी काढली, अक्षरांत (काना, उकार, हलन्त हेही वेगळे मोजून) आणि बाइट्समध्ये. पहिली नोंद 11 अक्षरं, 33 बाइट्स. दुसरी 12 आणि 36. तिसरी पुन्हा 11 आणि 33, तरी पहिलीशी जुळत नव्हती. बाइट्स हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, उलगडल्यावर उत्तर दिसलं. पहिल्या नोंदीत मराठीचा स्वतंत्र ऱ आहे, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत 0931, खाली हलन्त. दुसरीत साधा र, 0930, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. तो पडद्यावर दिसत नाही, पण र ला आडवा अर्धा करतो आणि तीन बाइट्स खातो. तिसरीत जोडक नाही, नुसता र आणि हलन्त, म्हणून ह वर रफार चढतो. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत फरक एका बाइटचा, बी1 च्या जागी बी0. रफार नीट पाहिला तर दिसतो, पण काउंटरच्या बारीक फॉन्टमध्ये कोण पाहतो?

तिन्हींचा उगम शोधायला वेळ लागला नाही. जोडकवाली नोंद जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरने बदलला तेव्हाची. ऱ वाली मराठी कळफलक वापरणाऱ्या बाईंनी भरलेली. रफारवाली हिंदी कळफलकावर बसलेल्या ऑपरेटरची. हिंदीला ऱ्ह लागत नाही, त्याला तो माहीतही नव्हता. त्याचा दोष मी मानत नाही. दोष आहे तो कन्व्हर्टर चालवून, चार नावं पडद्यावर वाचून 'डेटा ओके' म्हणत बिल घेऊन गेलेल्या कंत्राटदाराचा. मजकूर स्थलांतरित केला की रकान्यातली सगळी वेगवेगळी अक्षरं मोजून त्यांची यादी काढायची असते. अर्ध्या तासाचं काम, त्यात झेडडब्ल्यूजे लगेच डोळ्यांत भरला असता.

डेटाबेस ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते पोस्टग्रेस, आवृत्ती 14. 13 पासून नॉर्मलाइझ हे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं तेच अक्षर एका रूपात आणणारं फंक्शन मिळतं, आणि त्यानेच भागेल असं आमच्यातल्या एकाचं मत होतं. भागत नाही. र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत लिहिलेला ऱ ते एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या प्रमाण रूपात 0931 करून देतं. पण जोडकाचा र् आणि ऱ् यांना युनिकोड समतुल्य मानतच नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ त्यांना हातही लावत नाही. तीच गत ॲ ची: तो एक अक्षर म्हणून लिहा की अ वर चंद्र देऊन, दोन्ही वेगळेच राहतात. सभासदांत 'ॲड.' लावणारे वकील बरेच, तिथेही दुहेरी नोंदी निघाल्या.

म्हणून ताडणीसाठी वेगळा जनरेटेड, म्हणजे सूत्राने आपोआप भरला जाणारा, रकाना केला, पोस्टग्रेस 12 पासूनची सोय. त्याच्या सूत्रात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी एनएफसी. मग र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. मग अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ. उरलेले अदृश्य जोडक त्यानंतर पुसायचे आणि शेवटी जादा स्पेस. जोडक आधी पुसले तर मागे र् उरतो, त्याचा रफार होतो आणि चांगलं नाव आपणच बिघडवतो. मूळ नावाच्या रकान्याला हात लावायचा नाही. असा रकाना जोडताना पोस्टग्रेस सगळं टेबल नव्याने लिहितं आणि तेवढा वेळ कोणालाही आत येऊ देत नाही. चौदा हजार ओळींना तो वेळ नगण्य. भीती वेगळीच असते: एखादं उघडं राहिलेलं ट्रॅन्झॅक्शन पुढे असेल तर आल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी आज्ञा, त्याच्यामागे थांबते आणि काउंटरच्या साध्या सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसत्या वाचायच्या आज्ञा, आल्टरमागे रांगेत अडकतात. म्हणून लॉक टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, तीन सेकंद ठेवला. दोनदा वेळ संपून आल्टर रद्द झालं, तिसऱ्यांदा लागलं.

रफाराचं काय, हा प्रश्न सूत्राने सोडवायचा नाही असं ठरवलं. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. मराठीत हा फरक खरा आहे. काळे आणि काले यांचंही तसंच. ऑपरेटरने ळ चा ल केला असेल, किंवा ते कुटुंब खरंच काले असेल. अशा जोड्यांची वेगळी संशययादी काढली. निर्णय माणसाने घ्यायचा.

आता नोंदी एकत्र करणं. सभासद टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणाऱ्या अटी, कॅटलॉगमधून (डेटाबेसने ठेवलेल्या स्वतःच्या रचनेच्या नोंदीतून) काढल्या, सात टेबलं निघाली. आठवं वारसांचं टेबल नंतर कुणीतरी फॉरेन कीशिवायच जोडलेलं. ते केवळ रकान्याच्या नावावरून सापडलं. फॉरेन की न लावणाऱ्यांबद्दल मला खरोखर राग आहे. वारसाची नोंद कोणाची हे टेबलाला माहीतच नसेल तर ते ठेवायचं कशाला?

चाचणीच्या प्रतीवर, लाभांशाचं टेबल तूर्त बाजूला ठेवून, मुलं-टेबलं (सभासदाकडे बोट दाखवणारी) मूळ क्रमांकाकडे वळवली आणि 61 जादा सभासद डिलीट करायला लावले. ते चालतच राहिलं. व्यवहारांचं टेबल अडतीस लाख ओळींचं. त्यात सभासद क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, नव्हता. फॉरेन की लावली म्हणून पोस्टग्रेस त्या रकान्यावर आपोआप इंडेक्स करत नाही, त्यामुळे प्रत्येक डिलीटला अख्खं टेबल तपासलं जात होतं. इंडेक्स कंकरंटली, म्हणजे टेबलावरचं काम न थांबवता, बांधायला घेतला आणि तो अर्ध्यात तोडावा लागला. असा तुटलेला इंडेक्स इनव्हॅलिड म्हणून मागे राहतो, शोधाला वापरला जात नाही आणि प्रत्येक नोंदीवर भार मात्र टाकतो. तो ड्रॉप करून पुन्हा बांधला. नंतर डिलीट क्षणात झालं.

लाभांशाचं टेबल मात्र अडलं. तिथे सभासद आणि वर्ष यांवर युनिक बंधन, आणि एकाच वर्षाचा लाभांश तिन्ही क्रमांकांवर वाटलेला. मी तिन्ही रकमा एका ओळीत बेरजेने घालायला निघालो होतो. संस्थेच्या हिशेबनीस ताई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भागपत्रावर जुना क्रमांक छापलाय, आणि ते भागपत्र आजोबांच्या कपाटात आहे. तुम्ही इथून पुसाल, तिथून कसं पुसणार? आणि वाटून झालेल्या लाभांशाची ओळ ऑडिटर बदलू देतील का?"

त्यांचं बरोबर होतं. डिलीटचा विचारच सोडला. सभासद टेबलात 'मूळ सभासद' असा एक रकाना जोडला, त्याच टेबलाकडे फॉरेन की असलेला. जादा नोंद जागेवर राहते आणि मूळ क्रमांकाकडे बोट दाखवते. ओळ स्वतःकडे बोट दाखवणार नाही याला चेक ही अट. भाग, मर्यादा आणि मतदारयादी मूळ क्रमांकावर बेरीज करून निघते, जुना लाभांश जिथल्या तिथे. युनिक इंडेक्स ताडणीच्या रकान्यांवर, पण अंशतः: मूळ सभासद नल असलेल्या ओळींपुरता. कोणी कोणती नोंद कधी जोडली याचं वेगळं टेबल, रद्द करायची वेळ आली तर लागणारं.

यादी वेळेवर छापली गेली. आजोबांची मर्यादा दोन लाख दिसते. संशययादीत अजून सतरा जोड्या आहेत. त्यांतली एक सारखी मनात येते: एक काळे, एक काले, पत्ता एकच, दोन्हीकडे जन्मतारीख रिकामी. भाऊ असतील, एकच माणूस असेल. ताईंनी दोघांच्या नावे पत्र पाठवलंय. उत्तर येईपर्यंत दोन्ही ओळी वेगळ्याच ठेवल्या आहेत.