लिस्बन ते पोर्टो: जूनमधल्या संतांच्या रात्री आणि पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस

जून महिन्यात पोर्तुगालला जाऊ इच्छिणाऱ्याने विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी दोन दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली राष्ट्राची. तिच्यात देशभर पाळल्या जाणाऱ्या 13 सार्वजनिक सुट्ट्या आहेत. दुसरी गावोगावची, कारण पोर्तुगालमध्ये प्रत्येक नगरपालिकेला स्वतःची अशी एक सुट्टी असते आणि त्या दिवशी शेजारच्या गावात सारे व्यवहार नेहमीप्रमाणे चाललेले असतात. लिस्बनची सुट्टी 13 जूनला, संत अँथनीच्या दिवशी. पोर्टोची 24 जूनला, संत जॉनच्या दिवशी. आणि या दोहोंच्या आधी 10 जूनला साऱ्या देशाचा ‘पोर्तुगाल दिन’. आम्ही आमचा प्रवास या तीन तारखांना धरून आखला होता. पोर्तुगीज माणूस स्वतःला कोण समजतो हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने याच पंधरवड्यात जावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या दुहेरी व्यवस्थेमागचा इतिहास ठाऊक असला तर पुढचे सगळे अधिक नीट दिसते. 5 ऑक्टोबर 1910 रोजी लिस्बनच्या नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. नव्या सरकारने आठवड्याभरातच सुट्ट्यांची नवी यादी काढली, तिच्यातून धार्मिक सण वगळले आणि प्रत्येक नगरपालिकेला आपल्या पसंतीचा एक दिवस निवडण्याची मुभा दिली. पोर्टोमध्ये 1911 साली एका वृत्तपत्राने वाचकांचा कौल घेतला आणि लोकांनी संत जॉनचा दिवस निवडला. चर्चला सार्वजनिक जीवनातून दूर ठेवू पाहणाऱ्या प्रजासत्ताकाने मोकळी ठेवलेली जागा अशा रीतीने लोकांनी संतालाच देऊन टाकली. पुढे 2013 साली आर्थिक संकटात सरकारने चार राष्ट्रीय सुट्ट्या स्थगित केल्या, त्यांत खुद्द प्रजासत्ताक दिन आणि 1640 साली स्पेनपासून मिळालेल्या स्वातंत्र्याचा 1 डिसेंबरचा दिवसही होता. 2016 साली त्या चारही परत आल्या. संतांच्या गावकीच्या सुट्ट्या मात्र त्या काळातही चालू राहिल्या.

10 जून हा कोणत्याही विजयाचा किंवा क्रांतीचा दिवस नाही. महाकवी लुइश द कामोंइश यांचे 1580 साली या दिवशी निधन झाले, आणि त्याच वर्षी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या सत्तेखाली गेले. वास्को द गामाच्या सागरप्रवासावरचे कामोंइश यांचे महाकाव्य 1572 साली छापले गेले. पण त्याआधीच, 1563 साली, त्यांची पहिली मुद्रित कविता प्रसिद्ध झाली ती आपल्या गोव्यात, गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथाच्या आरंभी. कवी 1553 साली गोव्यात उतरले होते आणि पूर्वेकडे त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातील त्यांचा ब्राँझचा पुतळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी लिस्बनच्या बेलेम भागातील जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये त्यांची समाधी अवश्य पाहावी. आत शिरताच एका बाजूला वास्को द गामा आणि दुसऱ्या बाजूला कवी, अशी तिथली रचना आहे.

या तारखेवर निरनिराळ्या राजवटींनी आपापला अर्थ लादला, हेही तेथे उभे असताना विसरता येत नाही. सालाझारच्या हुकूमशाहीत हा ‘वंशाचा दिवस’ म्हणून साजरा होई, आणि आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धकाळात लिस्बनच्या तेरेइरु दु पासु चौकात सैनिकांना, आणि मृत सैनिकांच्या आप्तांना, याच दिवशी पदके दिली जात. 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीने ती राजवट संपली. 1978 पासून या दिवसाचे नाव ‘पोर्तुगालचा, कामोंइश यांचा आणि पोर्तुगीज समुदायांचा दिवस’ असे आहे. ‘समुदाय’ म्हणजे देश सोडून फ्रान्स, ब्राझील, कॅनडा अशा ठिकाणी गेलेले पोर्तुगीज लोक. राष्ट्रदिनाच्या नावातच स्थलांतरितांना स्थान देणे मला फार मोलाचे वाटले, कारण विसाव्या शतकात या छोट्या देशातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांची संख्या खरोखरच मोठी होती.

प्रवाशासाठी सूचना अशी, की मुख्य सरकारी सोहळा आणि सैनिकी संचलन दरवर्षी वेगळ्या शहरात होते, आणि 2016 पासून परदेशातील एखाद्या पोर्तुगीज वस्तीतही कार्यक्रम होतात. तेव्हा राजधानीत भव्य काही दिसेल अशी अपेक्षा धरू नये. यजमान शहर कोणते ते आधी पाहून घ्यावे. आम्हाला त्या दिवशी लिस्बन शांत वाटले. बँका आणि कचेऱ्या बंद, उद्यानांतून कुटुंबे निवांत बसलेली. 10 आणि 13 तारखांच्या मधले दिवस रजेने जोडून घेण्याची तिकडे पद्धत असल्याने कार्यालयातील कोणतेही काम या आठवड्यात ठेवू नये.

खरा उत्सव 12 जूनच्या संध्याकाळी सुरू होतो. पादुआचा म्हणून जगभर ओळखला जाणारा संत अँथनी मूळचा लिस्बनचा. बाराव्या शतकाच्या अखेरीस तो इथे जन्मला आणि 13 जून 1231 रोजी इटलीत पादुआजवळ वारला. लिस्बनकरांच्या दृष्टीने तो आपल्या गल्लीतला मुलगा आहे, आणि त्याच्या जन्मस्थानी म्हणून मानल्या गेलेल्या जागी, से कॅथीड्रलच्या अगदी जवळ, त्याचे चर्च आहे. 1755 च्या भूकंपात ते कोसळले, तेव्हा मुलांनी दारोदारी छोट्या वेदी मांडून ‘संत अँथनीसाठी एक नाणे द्या’ म्हणत पैसे गोळा केले, असे सांगतात. अशा कागदी फुलांनी सजवलेल्या छोट्या वेदी आजही जूनमध्ये आल्फामा या जुन्या मोहल्ल्याच्या पायऱ्यांवर आणि खिडक्यांत दिसतात.

12 जूनलाच सहसा सोळा जोडप्यांचे सामूहिक विवाह लागतात, कारण हा संत लग्ने जुळवणारा मानला जातो. ही प्रथा 1958 साली सुरू झाली, 1974 मध्ये थांबली आणि 1997 साली पुन्हा सुरू झाली. काही जोडप्यांचे लग्न से कॅथीड्रलमध्ये लागते, तर काहींचे नोंदणी पद्धतीने नगरपालिकेत. रात्री नऊच्या सुमारास आव्हेनिदा दा लिबेरदाद या रुंद रस्त्यावरून ‘मार्शा’ निघतात. शहराचा प्रत्येक जुना मोहल्ला, ज्याला तिकडे ‘बाइरू’ म्हणतात, आपला नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रीपुरुषांचा ताफा उतरवतो. रंगीत कागदी कंदिलांनी मढवलेल्या कमानी डोक्यावर धरून, खास त्या वर्षासाठी रचलेले गाणे म्हणत हे लोक मार्कीस द पोंबालच्या पुतळ्याकडून रेश्तौरादोरेश चौकाकडे येतात. ही स्पर्धा 1932 पासूनची आहे. त्यात भाग घेणारे व्यावसायिक कलावंत नव्हेत. दिवसभर दुकानात, बसवर किंवा रुग्णालयात काम करून रात्री मोहल्ल्याच्या मंडळात तालमी करणारी ही माणसे आहेत, आणि आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडळात जी ईर्षा आणि जी आपुलकी असते, तीच मला त्यांच्यात दिसली. आल्फामा, मोरारिया, बिका, माद्रागोआ ही नावे पुकारली जात तेव्हा कठड्यामागच्या वृद्ध स्त्रियाही उभ्या राहून ओरडत होत्या.

मांडवातील बैठकीसाठी तिकिटे असतात. पदपथावरून पाहणे फुकट आहे, पण त्यासाठी दोन तास तरी आधी जागा धरावी. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांच्यासाठी, याच ताफ्यांचे कार्यक्रम काही दिवस आधी शहरातील मोठ्या बंदिस्त सभागृहात होतात, तिथे निवांत बसून सगळे पाहता येते.

मिरवणूक संपल्यावर, किंवा ती अर्ध्यात सोडूनही, जुन्या मोहल्ल्यांकडे चालत निघावे. प्रत्येक चौकात ‘अरायाल’ म्हणजे मोहल्ल्याची जत्रा भरलेली असते. अर्ध्या कापलेल्या पिंपात कोळसे पेटवून त्यांवर जाड मीठ लावलेले सार्डिन मासे भाजतात आणि पावाच्या कापावर ठेवून देतात. आपल्या तारलीच्याच कुळातला हा मासा जूनपासून चरबीने भरू लागतो, त्यामुळे खालच्या पावात मुरलेला रस हाच त्यातला उत्तम घास असतो. शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. बटाटा आणि बारीक चिरलेल्या केल नावाच्या पालेभाजीचे ‘काल्दु व्हेर्द’ सूप निरुपद्रवी दिसते, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. ती नको असे आधीच सांगावे, आणि सूप मुळातच मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना हेही विचारून घ्यावे. भाजलेल्या ढोबळी मिरचीचे सॅलड, ऑलिव्ह, चीज, पाव आणि तळून साखर-दालचिनी घोळवलेल्या ‘फार्तुरा’ यांवर रात्र निघते. सोबत सुटी रोकड ठेवावी, कारण मोहल्ल्याच्या मंडळाच्या टपरीवर कार्ड चालेलच असे नाही. जमेल तिथे त्याच टपऱ्यांवरून घ्यावे, कारण त्या पैशातून मंडळाचा वर्षाचा खर्च चालतो.

आल्फामाच्या मुख्य उतारावर मध्यरात्रीनंतर पाऊल टाकायला जागा नव्हती. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर ग्रासा भागातला किंवा एखाद्या लहान मोहल्ल्यातला अरायाल निवडावा, आणि तो 12 तारखेलाच पाहण्याचा हट्ट धरू नये; हे अरायाल जूनभर चालतात. मोरारियातून मार्तीं मोनीश चौकाकडे उतरताना भारतीय, बांगलादेशी आणि नेपाळी दुकाने लागतात, आणि त्या रात्री त्या दुकानांतली माणसेही रस्त्यावरच्या नाचात सामील झालेली आम्ही पाहिली. लिस्बनचे माजी महापौर आणि नंतर 2015 ते 2024 पंतप्रधान राहिलेले आंतोनियु कोश्ता यांचे वडिलांकडचे घराणे मडगावचे, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच. या शहराची ओळख कोणा एका वंशात मावत नाही.

सर्वत्र विकायला असलेली छोटी कुंडी ‘मांजेरिकू’ची. ही बारीक पानांची वनस्पती तुळशीच्याच कुळातली. तिच्यात कागदी कार्नेशन फूल आणि चार ओळींचे प्रेमाचे पद्य खोचलेले असते. नाक लावून तिचा वास घेणे अशुभ मानतात. तळहात पानांवरून फिरवून तो हुंगावा.

13 तारखेला सकाळी चर्चमध्ये आशीर्वादित छोटे पाव वाटले जातात आणि दुपारनंतर आल्फामातून संताची मिरवणूक निघते. आदल्या रात्रीच्या जल्लोषानंतर ही मिरवणूक पाहणे आवश्यक आहे. तीच माणसे, धुतलेले कपडे घालून, मुकाट्याने मूर्तीमागून चालत असतात. जेरोनिमुश मठ त्या दिवशी बंद असतो, म्हणून बेलेमची भेट आधीच उरकावी. पादत्राणे घट्ट पकडीची हवीत, कारण गुळगुळीत दगडी फरसबंदीवर सांडलेली बिअर फार निसरडी होते. ट्रामवर विसंबू नये. मेट्रोच्या त्या रात्रीच्या वेळा जाहीर होतात, त्या पाहून घ्याव्यात. राहण्याची जागा काही महिने आधी ठरवावी, आणि झोप हवी असेल तर ती आल्फामात नसावी.

लिस्बनहून पोर्टोच्या कांपान्या स्थानकापर्यंत जलद रेल्वेने सुमारे तीन तास लागतात. 23 जूनची तिकिटे लवकर संपतात आणि आधी घेतल्यास स्वस्त पडतात, म्हणून एक-दोन दिवस आधीच पोहोचावे.

पोर्टोची 23 जूनची रात्र लिस्बनपेक्षा वेगळ्या स्वभावाची आहे. तिथे मोहल्ल्यांची स्पर्धा नाही. सारे शहर एकच होऊन रस्त्यावर येते. हाती प्लास्टिकचे पोकळ हातोडे असतात आणि समोरून येणाऱ्याच्या, मग तो पोलीस असो, आजोबा असोत की परदेशी पाहुणा, डोक्यावर तो हलकेच आपटायचा. हे हातोडे 1963 पासूनचे. त्याआधीची रीत लांब देठाच्या लसूणवर्गीय फुलाने तोंडावरून कुरवाळण्याची, आणि अनेक वयस्क लोक आजही तेच फूल घेऊन फिरतात. मध्यरात्री दोउरू नदीवर आतषबाजी होते. रिबेइराच्या काठावर त्या वेळी उभे राहणे कठीण जाते. नदीपलीकडच्या गाइया भागात, मोरू उद्यानाच्या चढावर, संध्याकाळीच जाऊन बसावे. लुईश पहिला याच्या नावाचा पूल आतषबाजीच्या आसपास बंद ठेवतात, म्हणून ज्या काठावर मुक्काम आहे त्याच काठावर राहणे शहाणपणाचे. कागदी आकाशकंदील सोडण्यावर वणव्याच्या धोक्याच्या वर्षी बंदी असते, ती पाळावी. जून असला तरी पहाटे नदीवरून गार वारा येतो, तेव्हा अंगात जाकीट हवे. पोर्टोची मेट्रो त्या रात्री बहुधा पहाटेपर्यंत चालते, पण बरेच तरुण पायीच नदीकाठाने समुद्रापर्यंत, फोशच्या किनाऱ्यावर, सूर्योदयासाठी जातात.

याच 24 जूनला गोव्यात ‘सांजांव’ असतो. तारीख आणि संत पोर्तुगीजांनी आणले, पण डोक्यावर फुलांचा ‘कोपेल’ घालून भरलेल्या विहिरींत उड्या मारणे हे गोव्याच्या पावसाने घडवलेले रूप आहे. पोर्टोत शेकोट्यांवरून उडी मारतात आणि पहाटेच्या दवाला पवित्र मानतात. त्या कोरड्या उन्हाळ्यात विहीर भरून वाहण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. एका पोर्टोकर शिक्षिकेला मी गोव्याच्या विहिरींबद्दल सांगितले, तेव्हा तिने ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती याचे तिला वाईट वाटले. साम्राज्याच्या इतिहासात ज्या गोष्टी शिकवल्या जात नाहीत, त्यांत ही एक.

24 तारखेला दुपारी घरोघरी भाजलेल्या कोकराचे जेवण असते आणि भरतीची वेळ साधून नदीत ‘राबेलु’ या जुन्या वाइनवाहू नावांची शर्यत होते. बहुतेक उपाहारगृहांत त्या दुपारी जागा आधी राखावी लागते.

ज्यांना जूनमध्ये जाणे जमणार नाही त्यांनी ऑगस्ट निवडावा. परदेशी गेलेले लोक तेव्हा सुट्टीवर गावी परततात, म्हणून उत्तरेकडील खेड्यांच्या जत्रा त्याच महिन्यात भरतात. त्यांतली मोठी जत्रा 20 ऑगस्टच्या सुमारास व्हियाना दु काश्तेलु येथे असते, जिथे स्त्रिया भरतकामाचे पोशाख आणि घराण्याचे सोन्याचे दागिने घालून मिरवतात. पोर्टोहून तिथे रेल्वेने सकाळी जाऊन रात्री परतता येते. भारतातून शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा जूनसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा आणि त्यात मुक्कामाच्या सगळ्या रात्रींची आरक्षणे जोडावीत.