नाव कुणाचं, माल कुणाचा

सोलापुरात सीएची प्रॅक्टिस म्हणजे निम्मा वेळ जीएसटी आणि निम्मा वेळ बँकेच्या गळी उतरेल असा प्रोजेक्ट रिपोर्ट. यंत्रमाग, टर्किश टॉवेल, डाळमिल आणि अलीकडे चहाच्या फ्रँचायझी. त्यामुळे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले शेठ मुलीला घेऊन आले तेव्हा मी गृहीत धरलं, नवे माग घ्यायचे असणार. निघालं कॉफीचं दुकान. दुकान कसलं, साखळी.

मुलगी पुण्याहून एमबीए करून आलेली. लॅपटॉपवर नकाशा: पहिलं दुकान सात रस्त्याला, मग पुणे, हैदराबाद आणि पाचव्या वर्षी दुबई. "काका, स्टारबक्सचीसुद्धा सुरुवात एकाच दुकानातून झाली ना?"

झाली, १९७१ साली, सिएटलला. पण त्या दुकानात बसून प्यायला कॉफी नव्हती, भाजलेले दाणे विकायचे. कपात कॉफी विकायचा ध्यास हॉवर्ड शुल्त्झ यांचा. ते १९८२ला तिथं नोकरीला लागले, मिलानचे कॉफी बार बघून आले. मालकांना कल्पना रुचेना म्हणून बाहेर पडून स्वतःचं काढलं आणि १९८७ला परत येऊन स्टारबक्सच विकत घेतलं. १९९२ला शेअर बाजारातून भांडवल उभं केलं. उत्तर अमेरिकेबाहेरचं पहिलं दुकान त्यानंतर, १९९६ला, टोकियोत. म्हणजे पहिल्या दुकानापासून पंचवीस वर्षांनी. पाचव्या वर्षी दुबई लिहिलेला रिपोर्ट घेऊन मी कुठल्या मॅनेजरसमोर बसायचं?

शेठ तोवर गप्प होते. सुताचा भाव सोडून त्यांना कशावर बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. ते एकदम म्हणाले, "साहेब, जपानात पैसा कुणाचा लागला?"

मुलीनं सांगितलं, साझाबी नावाच्या तिथल्याच कंपनीशी भागीदारी होती.

"इंग्लंडात?"

तिथं १९९८ला एक चालू साखळी विकत घेतली आणि पाट्या बदलल्या.

"चीनला?"

इथं मी तोंड घातलं, कारण चीनची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. १९९९ला बीजिंगमध्ये शिरले ते वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे भागीदार धरून. धंद्याचा जम बसल्यावर भागीदारांचे हिस्से विकत घेत गेले. २०१७ला पूर्व चीनमधल्या भागीदाराचा निम्मा हिस्सा सुमारे १३० कोटी डॉलरला घेतला. पुढे लकिन ही चिनी साखळी स्वस्त कॉफी घेऊन आली आणि दुकानांच्या संख्येत त्यांच्या पुढं गेली. २०२५च्या नोव्हेंबरात स्टारबक्सनं जाहीर केलं, चीनमधल्या धंद्याचा ६० टक्क्यांपर्यंत हिस्सा बोयू कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीला देणार.

"धरलं, सोडलं, परत धरलं," शेठ हसले. "आणि आपल्याकडं?"

आपल्याकडं टाटा, निम्मा-निम्मा हिस्सा. पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२मध्ये मुंबईत, हॉर्निमन सर्कलला. फ्रँचायझी नाही, दुकानं त्या संयुक्त कंपनीचीच. शिवाय बाहेरून कॉफी आणायची तर १०० टक्के सीमाशुल्क. टाटांचे कोडगूत कॉफीचे मळे, दाणा भाजायची सोयही त्यांच्याकडं. असा भागीदार सोडून दुसऱ्याचं दार कोण वाजवेल?

शेठ खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे दाणा इथला, माणसं इथली, नाव तेवढं त्यांचं. मग हे आमचंच की! आम्ही टॉवेल विणतो, लेबल गिऱ्हाइकाचं. एका मोसमात परदेशी गिऱ्हाइकानं ऑर्डर दुसऱ्या देशात नेली. सूत आमच्या गोदामात, लेबल त्याच्या खिशात. भाव लेबलवाल्याला मिळतो, साहेब. हिला दुबईला जायचंय ते ठीक. पण नाव घेऊन जाणार का माल घेऊन, ते हिनं सांगावं."

इतकी वर्षं त्यांची बॅलन्सशीट मीच सही करतो. पण त्यांच्या धंद्यातली खरी अडचण इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितली नव्हती.

मुलगी बापाला ऐकणारी नव्हे. "पप्पा, कॅफे कॉफी डेचे मळे स्वतःचे होते, नावही स्वतःचं. बंगळुरूत १९९६ला सुरू केलं आणि २००५ला व्हिएन्नात दुकान थाटलं."

मुद्दा बिनतोड होता. पण त्याची दुसरी बाजू आमच्या धंद्यातली. मार्च २०१९ला त्या समूहावर सात हजार कोटींच्या वर कर्ज होतं. त्याच वर्षी जुलैत संस्थापक सिद्धार्थ गेले आणि सतराशेच्या वर असलेली दुकानं काही वर्षांत पाचशेच्या आसपास आली. लोकांनी कॉफी पिणं सोडलं म्हणून नव्हे. हे बोलताना मी मुद्दाम शेठकडं पाहिलं नाही. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा तेही दरवर्षी वाढवून मागतात.

मग ऑस्ट्रेलिया निघालं. तिथं स्टारबक्स २०००ला गेलं, भराभर दुकानं काढली आणि २००८ला ८४पैकी ६१ बंद केली. इटलीहून आलेल्या लोकांनी तिथं एस्प्रेसोची गोडी कधीचीच लावून ठेवली होती, गल्लोगल्ली चांगली कॉफी मिळत होती.

"सोलापूरला ती भीती नाही," मुलगी म्हणाली, "इथं सगळा चहाच."

"मग सकाळी उडप्याकडं फिल्टर कॉफीला गर्दी कुणाची असते?" शेठ म्हणाले. "आपलीच माणसं की. अर्धं गाव तेलुगू नाहीतर कन्नड बोलतं."

त्यावर ती थोडी थांबली आणि तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी रिपोर्ट एका दुकानाचा ठरला. जागा सात रस्त्याला भाड्याची नाही, शेठच्याच मालकीचा गाळा. दाण्यासाठी आधी चिकमगळूरला जाऊन मळेवाल्याशी लेखी बोलणी, मग यंत्राची ऑर्डर. दुबई मी काढून टाकली. नाव मात्र ट्रेडमार्कला आत्ताच नोंदवायचं, असं शेठनीच सुचवलं, तेही स्वतःच्या नव्हे, मुलीच्या नावानं.

अडलं ते कपाच्या दरावर. ती म्हणते एकशेवीस, शेठ म्हणतात सोलापूरकर साठाच्या वर देणार नाही. माझ्या एक्सेलमध्ये दोन्ही आकडे टाकून बघितले. साठला हप्ता निघत नाही, एकशेवीसला कप किती खपतील याची खात्री कुणी देत नाही. दोघं जिन्यात वाद घालत खाली उतरले, तेलुगूत. मी बँकेला फोन करून सांगितलं, फाइल पुढच्या आठवड्यात देतो.