रायझिंग स्टार क्र. 342 : दोन करसेटजी अखेर वेगळे झाले

मंडळी, जुन्या कागदांतल्या ‘करसेटजी’ नावाच्या दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या करताना मागच्या वेळी जिथे अडले होते ती गाठ बरीचशी सुटली. सगळी नाही, पण निम्मी सुटली तरी हुरूप येतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: 15 डिसेंबर 1843 रोजी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशनखाली, म्हणजे स्कॉटलंडच्या मेसन संघटनेच्या अधिकाराखाली, लॉज (मेसन मंडळींची शाखा) रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, क्र. 342, उभी केली, ती हिंदी म्हणजे भारतीय लोकांना फ्रीमेसनरीत, या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळात, घेता यावं म्हणून. त्यामागे होते मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी. मुंबईतल्याच लॉज पर्सिव्हिअरन्सचं दार त्यांना उघडलं नाही. शेवटी पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. मुंबईच्या माणसाला मेसन व्हायला पॅरिस गाठावं लागलं, हे दर वेळी वाचताना मनाला लागतं.

आता गाठीकडे. माझ्या तक्त्यात 1840 ते 1850 या काळातल्या मुंबईच्या मेसन मंडळींची नावं आहेत. त्या काळच्या पारशी नावांत बहुतेकदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच. आडनाव असलं तरी छापताना गाळलेलं. आणि इंग्रजी सूच्या करणाऱ्यांनी शेवटचा शब्द हेच आडनाव धरलेलं. त्यामुळे ‘करसेटजी’ या एका मथळ्याखाली अख्खं गाव गोळा झालंय. त्यातले दोघे तर हटून एकमेकांना चिकटलेले: आपले माणेकजी आणि माझगावच्या वाडिया घराण्यातले अर्देशर. दोघांचा जन्म 1808 चा. दोघांच्या वडिलांचं नाव तेच. दोघेही साधारण त्याच सुमारास विलायतेला जाऊन आलेले. नात्याने भाऊ मात्र नव्हेत. आद्याक्षर न देता नुसतं ‘मि. करसेटजी’ लिहिलेल्या नोंदीपुढे काय करणार?

वाट सापडली ती स्टीम फॅक्टरीतून, म्हणजे आगबोटींच्या यंत्रांच्या कारखान्यातून. अर्देशर 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे फेलो झाले, पहिले हिंदी फेलो. त्याच वर्षी ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर झाले आणि 1857 पर्यंत त्या जागेवर राहिले. म्हणजे 1843 मध्ये युरोपात दिसणारा ‘करसेटजी’ हा सुट्टीवर गेलेला इंजिनिअर असण्याची शक्यता फार कमी. माणेकजी तेव्हा पॅरिसमध्ये होतेच. या एका चाळणीने युरोपातल्या नोंदी झटक्यात दोन रांगांत लागल्या. त्या रात्री उशिरापर्यंत तक्त्यात रंग भरत बसले, निळा माणेकजींना, पिवळा अर्देशरना. फार समाधान वाटलं.

खोळंबा उरलाय तो माणेकजी मुंबईत परतल्यानंतरच्या नोंदींचा. तिथे दोघेही एकाच शहरात, त्यामुळे ही चाळणी निकामी.

त्यात स्कॅनचा छळ. जुन्या वर्तमानपत्रांत इंग्रजी ‘सी’ची तोंडाकडची फट शाई भरून बुजलेली असते. मग ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) त्याला कधी ‘ओ’ वाचतं, कधी ‘जी’. त्यामुळे मी आता नाव शोधतच नाही, नुसतं शेवटचं ‘सेटजी’ टाकते. त्यात जमसेटजीही ढिगाने येतात, पण ते डोळ्यांनी वगळता येतात. माझं मत विचाराल तर फुकटचं ओसीआर छापील पानाला ठीक, कॉलमवाल्या वर्तमानपत्राला अजिबात नाही. भिंग घेऊन बसण्याला पर्याय नाही. आणि प्रिंट ठेवायला अ‍ॅसिडफ्री फोल्डरच घ्या, अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत विचारून पाहा. प्लॅस्टिकच्या फायलींत पावसाळ्यात पानं चिकटतात.

हे लिहिता लिहिताच एक सुचतंय. माणेकजी 1840 मध्ये एशियाटिक सोसायटी या विद्वत्संस्थेच्या मुंबई शाखेचे सभासद झाले होते, तिथेही पहिले हिंदी. मग सोसायटीच्या छापील सभासद-याद्या आधी का घेऊ नयेत? त्यांत नाव नीट, पूर्ण असणार. बर्न्सही त्या याद्यांत सापडतील का ते पाहायचंय. ते सापडले, तर लॉजच्या आधीपासून दोघं एकाच सभागृहात बसत होते असं दाखवता येईल. म्हणजे पुढचा भाग फ्रीमेसन्स हॉलच्या इमारतीवर लिहायचा बेत होता, तो मागे. आधी याद्या.

बर्न्सबद्दल एक गोष्ट राहून राहून मनात येते. नोव्हेंबर 1841 मध्ये काबूलमध्ये त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, जमावाच्या हातून मारले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी हा माणूस पारशी आणि मुसलमान मंडळींना बंधू म्हणून लॉजमध्ये घेतो. बाकी कितीही मतभेद असोत, यासाठी मी त्यांना मानते. 1849 मध्ये ते मायदेशी परतले, तोवर लॉज आपल्या पायांवर उभी होती.

तर मागणी एवढीच: 1844 ते 1848 च्या मुंबईच्या कॅलेंडर-डिरेक्टऱ्या (दरवर्षी छापल्या जाणाऱ्या नावा-पत्त्यांच्या याद्या) कुणाकडे आहेत का? सरकारी नोकरांची पानं आणि ‘नेटिव्ह’ रहिवाशांची पानं, दोन्ही हवीत. फोनवर काढलेला फोटो चालेल, फक्त पान सपाट धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. अर्देशरचा हुद्दा पहिल्या यादीत पक्का मिळेल. माणेकजींचा पत्ता दुसऱ्या यादीत मिळाला की उरलेल्या नोंदी पत्त्यावरून लावायला घेते.