मुरमावरची ११.२

आज कॉलेजच्या मैदानावर शंभर मीटरची निवड झाली. पोट्टा ११.२ सेकंदांत आला, पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. धावला सुंदरच. पण वेळ हातातल्या घड्याळाची होती. बटन दाबायला उशीर होतोच, म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद मिळवतात. म्हणजे ११.४४. विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणाऱ्याला हा आकडा आधीच सांगा, नाहीतर तिथला निकाल बघून पोरगं खचतं.

खरी गळती ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवर होती. पुढची पाटी रेषेपासून स्वतःच्या दोन पावलांच्या लांबीवर, मागची तीनवर, इथून सुरुवात करायची. याची पुढची दीडवरच होती. सुटायच्या आधीच्या 'सेट'च्या हाकेला पुढचा गुडघा साधारण ९० अंशांत हवा. याचा पार मिटला, त्यामुळे तो पुढे न झेपावता जागीच सरळ उभा झाला. त्यात काळ्या मातीवर मुरमाचा थर पातळ, जोर लागताच ब्लॉकचे खिळे उपटले. लांब खिळे ठोका, आदल्या संध्याकाळी पाणी मारून जमीन दाबून घ्या.

उद्या सकाळी सहाला फक्त स्टार्ट. तीस मीटरचे सहा, मधे चार-चार मिनिटं आराम. मांडीच्या मागे ओढ जाणवली तर तिथंच थांबायचं.