२५ हजारात बायकोचा लॅपटॉप, आन् आकड्याची पट्टी

बायको गावातल्या कृषी केंद्राचा हिशोब टॅलीवर करते. आधी दुपारी दुकानातच जाऊन बसायची, पण यंदा आणखी दोघांचं काम आलं तिच्याकडं, एक हार्डवेअरवाला आन् एक डेअरी, आन् घरी चार वर्षाचं पोरगं, म्हणून म्हणे मले घरीच लॅपटॉप पायजे. बजेट २५ हजार. १५ कापसाचे, हिंगणघाटले विकला त्यातले, १० तिनं बचत गटातून उचलले. त्याच्यावर एक रुपया नाही, चण्याची फवारणी बाकी होती.

मी बारावी सायन्स, म्हणून घरातला कॉम्प्युटर इंजिनिअर मीच. आठ दिवस रात्री यूट्यूब पाहून राहिलो.

आधी तालुक्याच्या दुकानात गेलो. त्यानं बजेटमधला नवा कोरा दाखवला, चकाचक, वॉरंटीवाला, हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा हलका. आत काय, तर सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा हलका प्रोसेसर, ४ जीबी रॅम आन् फाइली ठेवायले ६४ जीबीची ईएमएमसी चिप. आता ६४ जीबीत विंडोजच केवढी जागा खाते, त्यात अपडेट आला की जागा नाही म्हणून बोंबलते, आन् ते स्टोरेज बोर्डालेच सोल्डर केलेलं असते, काढून मोठं टाकू म्हटलं तरी सोय नाही. नव्या बंडीले गोऱ्हा जुंपल्यासारखं. आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी म्हणजे वेगवान स्टोरेजवाला नवा पण होता तिथं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही चहा पण न पिता निघालो.

मग राहिला सेकंडहँड. बायको म्हणे, "लोकाचा उष्टा लॅपटॉप? अन् बंद पडला तर बचत गटाले काय तोंड दाखवू?" तिचं बरोबर होतं, पण मोठ्या कंपन्या ऑफिससाठी घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षात बदलतात, तेच बाजारात येतात, आन् त्या लेनोवोच्या थिंकपॅड, डेलच्या लॅटिट्यूडची बांधणी दणकट असते, पाठीमागचं झाकण उघडून बहुतेक मॉडेलांत रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते. एकच गोष्ट पक्की पाहायची, प्रोसेसर इंटेलचा असंन तर आठव्या जनरेशनच्या, म्हणजे पिढीच्या, खाली जायचं नाही. विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट तिथूनच सुरू होते आन् विंडोज १० चा फुकटातला नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. जीएसटीचे पासवर्ड, लोकांचे बँकेचे आकडे जिच्या मशीनवर राहणार तिले अपडेट नसलेलं विंडोज देणं म्हणजे रात्री फाटक उघडं टाकून झोपणं.

नागपूरले गेलो, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. पहिल्याच दुकानात पोरगा म्हणे आठवी जनरेशन हाय, घ्या बिनधास्त. सिस्टीममध्ये जाऊन पाहिलं तर आय५-६३००यू. डॅशनंतरचा पहिला आकडा सहा, म्हणजे सहावी जनरेशन, याच्यात काही गुपित नाही. त्याले दाखवलं तर म्हणे काका एकच गोष्ट हाय. मी ३४ वर्षाचा हावो, काका म्हटल्याचा राग जास्त आला.

दुसऱ्या दुकानात थिंकपॅड टी४८० भेटला. आठवी जनरेशन, ८ जीबी, २५६ ची एसएसडी, १४ इंच, माझ्या मनात भरला. मी भाव करून राहिलो आन् बायको मागून कीबोर्ड पाहून राहिली.

"याले आकड्याची पट्टी कुठं हाय?"

"काय?"

"उजवीकडची, आकड्याची. मी दिवसाचे दीडशे बिलं चढवते, ते काय वरच्या ओळीतून एकेक बोटानं मारू? तुमाले रॅमचंच पडलं हाय."

आठ दिवसात एकाही व्हिडिओवाल्यानं हे सांगितलं नव्हतं, आन् मी तिले विचारलं पण नव्हतं. दुकानदार म्हणे वेगळा यूएसबी नंबर पॅड लावा. ती म्हणे मांडीवर पोरगं असते, तो कुठं ठेवू?

मग त्याच्याचकडं टी५८० निघाला. त्याचाच मोठा भाऊ, १५.६ इंच, नंबर पॅडवाला. जड हाय, पण त्याले दोन बॅटऱ्या, एक आत, एक मागून निघणारी, आन् आतलीत चार्ज असंन तर बाहेरची चालू मशीनवर बदलता येते. आमच्याकडं डीपी जळली की दोन-दोन दिवस लाईन नसते, त्याच्यामुळं मले तर हे लय पटलं. तिथंच कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला, डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना किती, आन् फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आता किती, जोडीनं पाहिली. आतली ठीक, बाहेरची अर्ध्यावर आली होती, त्याच्यावरून हजार तोडले. नोटपॅड उघडून बायकोनं एकेक बटन दाबून पाहिलं, बिजागऱ्या मी हलवून पाहिल्या, रिस्टार्ट करून बायोसले, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगले, पासवर्ड नाही ना ते पाहिलं. २२,५०० मध्ये सौदा, बिल आन् सहा महिन्याची दुकानाची वॉरंटी लिहून घेतली.

स्क्रीन फिकी हाय, बाजूनं पाहिलं तर आणखीच फिकी दिसते. मी कुरकुर केली तर म्हणे बाजूनं पाहता कायले, हिशोब माह्या हाय.

बॅग भेटली नाही. विकत घ्यायची म्हटलं तर हजार रुपये. कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याच्या कंपनीची फुकटची बॅग दिली, हिरवीगार, वर कापसाचं बोंड. डेअरीत तीच घेऊन जाते, परवा रस्त्यात एका म्हाताऱ्यानं थांबवून विचारलं, "अवं बाई, हे वाण कोणतं हाय?"