अकरा वाजून दहा मिनिटं

आमच्या तालुक्याच्या गावात गुरुवारी बाजार असतो, त्यामुळे दवाखान्यात मरणाची गर्दी. संध्याकाळी साडेसहाला एक नवराबायको आले, दोघंही जुने पेशंट. हे पतसंस्थेत कॅशियर, वय ४८, शुगर अकरा वर्षांपासून. नेहमी हे बोलतात आणि वहिनी गप्प, त्या दिवशी उलटं होतं. "डॉक्टर, ह्यांच्याकडे जरा बघा, महिन्यात तीनदा कॅश कमी आलीय, दोनदा पाचशे आणि परवा दोन हजार, सगळे खिशातनं भरलेत, मॅनेजर आता वेगळ्याच नजरेनं बघतोय." हे खाली बघत शर्टाचं बटण फिरवत बसलेले.

खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात आधी दारूच आली. पण विचारलं तर म्हणाले, "मोजणी चुकत नाही डॉक्टर. मोजताना कुणी 'साहेब, माझं पासबुक' म्हणलं की कुठवर आलो होतो तेच जातं. आधी गप्पा मारत मोजायचो की हो."

हे मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं. मधल्या वयात डायबेटीसवाल्यांचं बऱ्याचदा आधी ढिलं पडतं ते हेच, कामाचा वेग आणि एका कामातून दुसऱ्यात जाऊन परत यायचं कसब. माणसांची नावं, घराचा पत्ता शाबूत असतो, म्हणून ना घरच्यांना संशय येतो ना आम्हाला.

म्हणलं, दहा मिनिटांची एक चाचणी करू, तीस मार्कांची असते. शंभरातून सात वजा करत जा म्हणलं तर ९३, ८६, ७९, ७२, ६५, धडाधड, मी थांबवलं नसतं तर खाली दोनापर्यंत गेले असते! मग आकडा-अक्षर-आकडा-अक्षर असं रेघेने जोडायचं होतं, तिथं तिसऱ्या उडीला पेन अडकलं ते अडकलंच. शेवटी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. गोल सुरेख, आकडे जागच्या जागी, आणि काटे एक अकरावर, दुसरा दहावर. ज्या माणसानं वीस वर्षं समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून काउंटर बंद केलाय, तो मला विचारत होता, "बरोबर आहे ना?" वहिनींनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या वरच्या ओठाकडे गेलं. फॅन फुल होता आणि ओठावर घामाचे बारीक थेंब. बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर शुगर ५१, म्हणजे फारच खाली.

"दुपारी जेवलात का?"

"गुरुवार आहे ना आज."

दत्ताचा गुरुवार, चार वर्षांपासून, तोही कडक, साबुदाणासुद्धा नाही, दिवसभर बिनसाखरेचा चहा. आणि सकाळची गोळी? "ती मी कधी चुकवत नाही." त्या गोळीत ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो नसो ती इन्सुलिन सोडायला लावतेच, आणि लिहून दिली होती मीच. भात किती, आंबा किती, सगळं खोदून विचारायचो मी, उपवास कधी विचारलाच नाही. कंपाउंडरनं पेल्यात तीन चमचे साखर ढवळून आणली, पंधरा मिनिटांनी ८८. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण इंधन २० टक्के खातो, आणि स्वतःचा साठा नसल्यात जमा. आकडा वर आला तरी डोकं पूर्ण जागेवर यायला आणखी अर्धापाऊण तास लागू शकतो, म्हणून त्यांना बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं.

सापडलं कारण, असं वाटून मी खूश झालो होतो. वहिनींनी पाणी फिरवलं. "पाचशे दोन्ही वेळा गुरुवारी गेले, पण दोन हजार मंगळवारी गेलेत."

मग नीट तपासण्या केल्या. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ९.१, म्हणजे गुरुवारी खड्ड्यात आणि बाकी आठवडा डोंगरावर. बी१२ जीवनसत्त्व तर १४८, फारच कमी; अकरा वर्षं मेटफॉर्मिन, ही शुगरची गोळी बी१२ कमी करते, आणि वर पूर्ण शाकाहारी, हे होणारच होतं, बघायचं राहून गेलं होतं. ग्लिमेपिराइड बंद केली, बी१२ची इंजेक्शनं सुरू केली, उपवासाला दत्ताची हरकत नसेल तर दूध आणि भाजलेले शेंगदाणे घ्या म्हणलं, हसले पहिल्यांदा. शुगर मात्र हळूहळू उतरवायचं ठरवलं. अमेरिका-कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०११ साली छापून आले होते, त्यात शुगर कडक धरूनही ४० महिन्यांत विचारशक्तीला काही फायदा दिसला नव्हता. दुसरीकडे एआरआयसी नावाच्या अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासाच्या २०१४ च्या निकालात मधल्या वयात डायबेटीस असलेल्यांची बौद्धिक घसरण २० वर्षांत इतरांपेक्षा १९ टक्के जास्त निघाली. म्हणजे सोडूनही देता येत नाही आणि एका महिन्यात दामटताही येत नाही. वहिनी विचारत होत्या, "पहिल्यासारखे होतील ना?" बी१२चं आणि गुरुवारचं भरून येईल म्हणलं, बाकीचं बघू. याहून जास्त माझ्याकडे नव्हतं.

तीन महिन्यांनी चाचणी परत घेतली, आकडे-अक्षरांचा दुसरा नमुना देऊन. घड्याळाचे काटे बरोबर आले. जोडाजोडी झाली, पण रांगत रांगत, दोनदा मागे जाऊन. एचबीए१सी ७.६. पतसंस्थेत त्यांनी काउंटरच्या काचेवर पाटी लावलीय, 'रक्कम मोजताना बोलू नये', आणि मॅनेजरला वाटतं ती शिस्तीसाठी आहे, त्यांनीही ते तसंच राहू दिलंय.

निघताना फी दिली, मी दोनशे परत दिले, सगळ्या दहाच्या नोटा, आणि सवयीनं बोलत राहिलो, पुढच्या वेळी डोळ्यांचा पडदा तपासून या वगैरे. त्यांनी अंगठा नोटेवर तसाच ठेवून डावा हात वर केला.

"थांबा डॉक्टर. मोजतोय."